शरण आलेला राक्षस

राक्षस नुसतं जनावर असेल तर त्याला मारणाऱ्या नायकाला कोणी जाब विचारत नाही. तो बोलायला लागला, साहेबाच्या नावानं खडे फोडायला लागला, उद्याचे बेत आखायला लागला, की लेखकाची जबाबदारी वाढते. फॅण्टसी साहित्यातल्या अशा माणसासारख्या राक्षसांचा प्रश्न सध्या ऐरणीवर आहे. पण चर्चा बहुधा त्यांच्या रंगरूपावर आणि स्वभावावर अडकते. माझ्या मते कसोटी वेगळी आहे: राक्षसानं हत्यार टाकलं तर नायक काय करतो?

टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये (१९५४-५५) शाग्रट आणि गोर्बाग हे ऑर्क नावाच्या राक्षसी जमातीतले दोन सरदार गप्पा मारतात. वरिष्ठांबद्दल कुरकुरतात आणि युद्ध संपलं की चार भरवशाचे गडी घेऊन, जिथे लूट हाताशी असेल आणि डोक्यावर साहेब नसेल अशा ठिकाणी निघून जायचे मनसुबे रचतात. १९१६मध्ये सोमच्या आघाडीवर शिपायांची बोलणी ऐकलेला टॉल्किनचा कान इथे ओळखू येतो. नोकरीला विटलेल्या सैनिकाला शरण जावंसंही वाटू शकतं. कादंबरीत मात्र ते घडत नाही. हेल्म्स डीपच्या लढाईनंतर शत्रूकडून लढलेली डनलँडची माणसं शरण येतात. पडझडीची दुरुस्ती करून आणि शपथ घेऊन ती घरी जातात. ऑर्क पळून एका विचित्र अरण्यात शिरतात आणि त्यातला एकही बाहेर येत नाही. नायकांचे हात स्वच्छ राहतात, कारण जीवदान मागायची संधीच लेखकानं ऑर्कांना दिलेली नाही.

टॉल्किनला हे डाचत होतं. तो श्रद्धाळू कॅथलिक; दुष्ट शक्ती नवा जीव घडवू शकत नाही, असलेला फक्त बिघडवते, ही त्याची धारणा. मग ऑर्क मुळात कोण? त्याची उत्तरं बदलत राहिली. मरणोत्तर, १९९३मध्ये छापल्या गेलेल्या टिपणांत त्यानं लिहून ठेवलंय की शरण येऊन दया मागणाऱ्या ऑर्कला, किंमत मोजावी लागली तरी, अभय दिलं पाहिजे. युद्धाच्या धामधुमीत हा नियम नेहमी पाळला गेला नाही, हेही त्यानं नोंदवलं. पुढच्या अनेकांनी त्याचा ऑर्क उचलला, ही अट उचलली नाही.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या खेळाच्या पुस्तकांनी प्रत्येक जमातीपुढे तिची नीतीच छापून टाकली: ऑर्क म्हणजे दुष्ट. खऱ्या वंशांच्या बदनामीशी असलेलं हे साम्य २०२०मध्ये प्रकाशकांनी मान्य केलं आणि २०२४च्या मुख्य नियमपुस्तकात ऑर्क हे खेळाडूनं निवडायचं पात्र झालं. त्याच वर्षी 'द रिंग्ज ऑफ पॉवर' मालिकेनं एका ऑर्कला बायको आणि तान्हं मूल दिलं. बदल चांगले आहेत, पण अपुरे. शत्रूच्या कडेवर मूल दाखवलं म्हणून तलवारीला नवा कायदा लागू होत नाही.

टेरी प्रॅचेटच्या 'अनसीन अकॅडेमिकल्स'मधला (२००९) नट हा ऑर्क विद्वान, नम्र, कामसू. जगण्याचा हक्क त्याला गुणांनी कमवावा लागतो, आणि या अटीतला अन्याय कादंबरी दिसू देते, हे तिचं बळ.

याउलट 'फ्रीरेन' ही २०२०पासूनची जपानी मांगा. तिच्यातली राक्षस-मुलगी जीव वाचवायला 'आई' अशी हाक मारते. तिला सोडतात, गावप्रमुख घरात घेतो, पुढे ती त्यालाच मारते. ती हाक कशासाठी? ती ऐकून माणसं कचरतात म्हणून. प्रसंग अंगावर काटा आणतो. पण दया दाखवणारा इथे मूर्खच ठरेल अशी तजवीज लेखकानं आधीच केलेली असते. आणि 'त्यांचे अश्रू म्हणजे नाटक' हा युक्तिवाद खऱ्या कत्तलींच्या आधीही ऐकू येतो.

हरलेल्याला राक्षस ठरवणं आपल्याला ओळखीचं वाटायला हवं. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) बळी हा हरलेल्यांचा न्यायी राजा म्हणून वाचला आणि अवतारकथांमागचं जेत्यांचं राजकारण उघडं केलं. ज्या दैत्याला वामनानं पाताळात घातलं, त्याचंच राज्य येवो असं आपण दिवाळीत म्हणतो.

राक्षस क्रूर असायला हरकत नाही. त्याला गोंडस करण्याचीही गरज नाही. पण लेखकानं त्याला वाचा दिली असेल तर शरण येण्याची वाटही द्यावी, मग तो ती घेवो अथवा न घेवो. ती वाट बुजवणारी कादंबरी शौर्याची परीक्षा घेत नाही. ती नायकाला, आणि त्याच्यामागून वाचकाला, आगाऊ माफी देऊन टाकते.