आम्लातील निष्कर्ष आणि शीतजलातील क्षरण : एक चिकित्सा

वनस्पतींच्या अर्कांपासून क्षरणरोधक मिळविण्याचे संशोधन महाविद्यालयीन रसायनशास्त्र विभागांत चांगलेच रुळले आहे. कडुनिंब किंवा मेंदीच्या पानांचा अर्क, मृदू पोलादाची पट्टी, एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि वजनघट पद्धत हा त्याचा ठरलेला साचा होय. अखेरीस, हा अर्क औद्योगिक शीतजल यंत्रणेसही उपयुक्त ठरेल, असे विधान पुष्कळदा येते. आक्षेप या विधानाला आहे.

आम्लात धातूच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सुटतो, गंजाचा थर टिकत नाही आणि अर्कातील रेणू उघड्या धातूवर अधिशोषित होतात. शीतजलाचा सामू मात्र सामान्यतः ७ ते ९ असतो. तेथे क्षरण घडवितो तो विरघळलेला ऑक्सिजन. मनोऱ्यात पाणी हवेतूनच कोसळत असल्याने त्याची भर अखंड चालू राहते. अभिक्रियाच वेगळी असताना एकीचे उत्तर दुसरीस लावता येत नाही. धातू साफ करण्याच्या आम्लस्नानासाठी असे अर्क जरूर विचारात घ्यावेत.

नाशिकनजीकच्या एकलहरे औष्णिक विद्युत केंद्रात १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. अशा केंद्रांच्या मनोऱ्यांत पाणी वाफ होऊन उडते, क्षार मागे उरतात. पाणी पाच पट संहत झाले की क्लोराइडही पाच पट होते. त्यात अर्कातील शर्करा मिसळली तर कोमट पाण्यातील जीवाणूंना मेजवानीच! त्यांच्या चिकट थराखाली सल्फेटचे अपचयन करणारे जीवाणू वाढतात व धातूस खड्डे पडतात. चंचुपात्रातील काही तासांच्या प्रयोगात यातले काहीच दिसत नाही.

जानेवारी २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाने सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरणे बंधनकारक केले. नाशिकच्या तपोवन व आगर टाकळी येथील शुद्धीकरण केंद्रांपासून एकलहरे या अंतरात सहज येते. अशा पाण्यात अमोनिया उरला तर पितळी नळ्यांना तडे जाऊ शकतात. फॉस्फेट उरले तर ते कॅल्शियमसह थर धरते.

हरित रोधकांचा शोध अनाठायी नाही. क्रोमेट प्रभावी होते, पण विषारी. अमेरिकेने १९९० मध्ये वातानुकूलनाच्या व १९९४ मध्ये औद्योगिक मनोऱ्यांतून ते हद्दपार केले. त्याच्या जागी आलेल्या फॉस्फोनेट व जस्ताच्या मिश्रणांचाही नदीवर भार पडतोच. पण मग प्रयोग त्याच पाण्यात व्हावयास हवा : गोदावरीचे किंवा शुद्धीकरण केंद्राचे पाणी, पाच पट संहत, ४० अंश सेल्सियस तापमान, वाहता प्रवाह आणि किमान तीस दिवस टांगलेल्या पट्ट्या. त्यास एक लहान पंप व तापक लागतो. पदव्युत्तर प्रकल्पाचे एक सत्र त्यास पुरते.