गोविंदाग्रजांचा पहिला टीकाकार

आम्हा मिरकरवाड्याच्या मुलांना राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) भेटतात ते मालगुंडच्या केशवसुतांचे शिष्य म्हणून. पुढे त्यांचे कप्पे पडतात: कवी गोविंदाग्रज वेगळे, विनोदी लेखक बाळकराम वेगळा. ही वाटणी मला पटत नाही.

‘कवींचा कारखाना’ या लेखात बाळकराम कवितेतल्या ठरीव मालाची टर उडवतो. तो माल गोविंदाग्रजांच्या दुकानातही आहेच. सॉफ्टवेअरमध्ये आपला कोड दुसऱ्याकडून तपासून घेतात. गडकऱ्यांनी तो दुसरा स्वतःतूनच काढला.

अतिशयोक्ती दोघांचीही. ‘राजहंस माझा निजला’मधली आई मेलेल्या बाळाला झोपलेलं समजते. सत्य अडवायला तिच्याकडे शब्दांखेरीज काहीच नाही, म्हणून तिथली शब्दांची रास खरी वाटते. ठकीच्या लग्नाच्या लेखांत बाळकराम लग्नाच्या बाजाराला हसतो, पण ठकीच्या रूपावरही हशा वसूल करतो. ते आज खुपतं. या मोहिमेत ठकीला काय वाटत असेल, हे विचारणारं कुणी नाही.

बाळकरामाने कवीला तपासलं. कवीने बाळकरामाला तपासायचं मात्र राहून गेलं.