लेखणीचें वय

नाशिक जिल्ह्यांतील पेठ येथें एका घरांत जुनें फाउंटनपेन जपून ठेवलेलें आहे. दांडी पाचूच्या रंगाची, दोन्ही टोकें चपटीं, बाजूस शाई ओढण्याची तरफ. दांडीवर अमेरिकेंतील शेफर कंपनीचें नांव व २५ ऑगस्ट १९०८ ही तारीख. तेव्हां आजोबांनीं हें १९०८ सालीं घेतलें, असें घरचीं मंडळी अभिमानानें सांगतात.

ही समजूत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. ती तारीख पेटंटाची आहे, पेनाची नव्हे. तरफेच्या युक्तीचें पेटंट वॉल्टर शेफर यांस त्या दिवशीं मिळालें. कंपनी रीतसर निघाली १९१३ सालीं. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ आहे म्हणून तिची प्रत्येक पोथी त्या शकांतली कोणी मानीत नाहीं. दांडीचा पुरावा याहून बोलका आहे. आरंभींचीं पेनें एबोनाइटाचीं, म्हणजे गंधकानें कठीण केलेल्या रबराचीं, बहुधा काळीं असत. हा हिरवा रंग सेल्युलॉइडाचा. शेफरनें तो १९२४ च्या सुमारास बाजारांत आणला. (आंतील रबरी पिशवीच्या वाफेनें तो काळवंडतो, येथेंही काळवंडला आहे.) १९२९ सालीं निमुळत्या टोकांचा 'बॅलन्स' घाट निघाला व चपटा मागें पडला. म्हणजे हें पेन बहुधा या पांचसहा वर्षांतलें.

खरें अपूर्व तें निबेंत आहे. ती शेफरची नाहींच. तीवर कोणाचेंही नांव नाहीं, आणि टोंक बोरूसारखें रुंद, तिरकें तासलेलें आहे. ती काढून शेफरची 'लाइफटाइम' निब बसवावी, किंमत वाढेल, असा सल्ला एका जाणकारानें या मंडळींस दिला आहे. तो आम्हांस सर्वथा अमान्य आहे. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरींतील प्रक्षिप्त पाठ काढले, ते ग्रंथकर्त्याचा शब्द शोधण्यासाठीं. येथें ग्रंथकर्ता कोण? दांडी कारखान्याची खरी. पण टोंकाची एक कड झिजली आहे ती लिहिणाऱ्याच्या हातानें. बोरूनें मोडी लिहिणारास विलायती बारीक टोंक अडखळतें, म्हणून ही निब मुद्दाम बसविली असावी. आजोबांच्या हिशेबाच्या वह्या घरांत आहेत. शके १८४९ पर्यंत रेघ बोरूची आहे. पुढील सालापासून ती या निबेच्या रुंदीशीं तंतोतंत जुळते. १९०८ चा मान गेला, पण कोणत्या सालीं हें पेन त्यांच्या हातीं आलें, तें याच निबेमुळें कळलें.

तूर्त रबरी पिशवी तेवढी बदलावी. निबेस कोणीं हात लावूं नये.