रस्त्यावरील वाहन आणि छायाचित्रकाराची दृष्टि

नवी मोटार दारांत आली म्हणजे तिला हार घालावा, चाकांखालीं लिंबें ठेवावींत, नारळ फोडावा आणि सर्व कुटुंबानें तिच्याभोंवतीं उभें राहून फोटो काढून घ्यावा, हा आपल्याकडील परिपाठ. त्यांत गैर असें कांहीं नाहीं. परंतु ज्या बसनें घरचा कर्ता पुरुष तीस वर्षें कचेरींत गेला, तिचें एकहि चित्र त्याच घरच्या संग्रहांत सांपडत नाहीं! वाहनांच्या छायाचित्रणाविषयीं आम्हांस जें म्हणावयाचें आहे, तें ह्या उणिवेपासूनच सुरू होतें.

नित्याच्या वाहनांत चित्र असूं शकतें, हें ज्यांनीं लवकर ओळखलें त्यांपैकीं अमेरिकेंतील आल्फ्रेड स्टीग्लिट्झ हा एक. त्यानें १८९३ सालीं न्यूयॉर्क येथें काढलेलें ‘द टर्मिनल’ हें चित्र पाहावें. रस्त्यावर बर्फ आहे. ट्रामच्या घोड्यांच्या अंगांतून वाफा निघत आहेत. हांकणारा त्यांच्यापाशीं उभा आहे. एवढेंच. त्या वेळीं तेथून जाणार्‍या कितीजणांस हें दृश्य थांबून पाहण्याजोगें वाटलें असेल? १९१७ सालीं त्या शहरांतील शेवटची घोड्यांची ट्राम बंद झाली. हांकणार्‍याचे श्रम आणि जनावरांचा शीण मात्र चित्रांत राहिला.

दुसरें उदाहरण रॉबर्ट फ्रँक ह्याचें. त्यानें १९५५ सालीं न्यू ऑर्लिन्स येथें काढलेलें ट्रामचें चित्र त्याच्या ‘दि अमेरिकन्स’ ह्या पुस्तकांत आहे. ट्राम आडवी आली असून तिच्या खिडक्या एका ओळींत दिसतात. पुढच्या खिडक्यांत गोरीं माणसें, मागच्या खिडक्यांत काळीं. कारण त्या काळीं तेथें बसावयाच्या जागा वर्णावरून ठरत. छायाचित्रकारानें पदरचें कांहींच जोडलें नाहीं. गाडीच्या खिडक्यांनींच समाजाची विभागणी मांडून दाखविली. मागच्या खिडकींतील एक काळा मनुष्य सरळ आपल्याकडे पाहतो. त्याची नजर चुकविणें आम्हांस अद्याप साधलेलें नाहीं.

ह्यांच्या पंक्तीस बसेल असें आपल्या देशांतील पुस्तक म्हणजे रघुवीर सिंह ह्यांचें ‘अ वे इन्टु इंडिया’. सिंह १९९९ सालीं वारले. पुस्तक २००२ सालीं प्रसिद्ध झालें. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें तयार होणारी अँबॅसॅडर मोटार हें त्याचें सूत्र. कधीं तिची पुढची काच, कधीं उघडें दार, कधीं आरसा, हीच चौकट होते आणि तींतून देशांतील रस्ते व माणसें आपल्या रंगांनिशीं दिसूं लागतात. मागचें आणि पुढचें, आंतलें आणि बाहेरचें एकाच चित्रांत बसविण्याचें त्यांचें कसब खरोखर असामान्य. मोटार येथें मिरविण्याची वस्तु न राहतां पाहण्याचें साधन होते. तथापि एक गोष्ट बोलून दाखविणें प्राप्त आहे. अँबॅसॅडर टॅक्सी म्हणून सामान्यांच्या उपयोगीं पडली हें खरें; पण ती मंत्र्यांची व अधिकार्‍यांचीहि गाडी होती. फ्रँक बाहेर उभा राहून आंत पाहतो. सिंह पुष्कळदां आंत बसून बाहेर पाहतात. पाहणारा सांवलींत आणि पाहिला जाणारा उन्हांत, हें अंतर त्यांच्या रंगांच्या वैभवानेंहि पुरतें झांकत नाहीं. असें असूनहि, २०१४ सालीं त्या मोटारीचें उत्पादन थांबलें, आणि एका कालखंडाची ओळख सांगणारें पुस्तक म्हणून ह्याचें मोल वाढलेंच आहे.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. १९६४ च्या मार्चअखेर तेथील ट्राम थांबली. २०२३ च्या सप्टेंबरांत डिझेलवर चालणार्‍या जुन्या दुमजली बसची शेवटची फेरी झाली आणि पुढल्याच महिन्यांत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीहि रस्त्यावरून गेली. शेवटच्या फेरीच्या दिवशीं फोटो काढणार्‍यांची गर्दी उसळली. प्रेम खरें होतें, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण सजविलेली बस ही रोजची बस नव्हे. वरच्या मजल्यावर पुढची जागा पटकाविण्यासाठीं धांवणारीं मुलें, तिकिटाचे सुटे पैसे मोजणारी गृहिणी, मीटर पाडून चहा पीत उभा असलेला टॅक्सीवाला, हीं चित्रें निरोपाच्या दिवशीं कशीं मिळणार?

आज तर प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे. तेव्हां वाचकांस आमची सूचना एवढीच कीं, कोपर्‍यावर रोज उभी असणारी रिक्षा एकदां नीट पाहावी. रिक्षावाल्यास विचारावें, त्याचें नांवहि पुसावें, आणि मग चित्र काढावें. तो आपल्याकडे पाहत असला तर त्यास दुसरीकडे पाहावयास सांगूं नये.