मुके छायाचित्र आणि रस्त्याचा आवाज

रस्त्यावर काढलेल्या छायाचित्रांना ध्वनीची जोड देऊन गोष्ट सांगण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. ध्वनीमुळे चित्र समृद्ध होते, असे तिचे समर्थक सांगतात. परंतु हा ध्वनी कोणाचा आणि तो निवडला कोणी, हा प्रश्न त्यांच्यापैकी फार थोडे विचारतात.

सुधारक ओलवे यांची मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. कचऱ्यात आणि गटारात उतरलेली ही माणसे जवळजवळ सगळी दलित आहेत. ओलवे त्यांच्याकडे दयेने पाहत नाहीत, हे त्या चित्रांचे बळ. तरीही स्थिरचित्र मुके असते. प्रदर्शनातला सुखवस्तू प्रेक्षक त्या मौनात आपली कणव भरतो आणि हलक्या मनाने घरी जातो. अशा चित्रांमागे व्हायोलिनचे करुण सूर लावले, तर त्याची सोयच होते. कामगार मात्र मुकाच राहतो. तेथे डांबरावर घासणारा खराटा ऐकू आला, कामगाराने स्वतःच्या बोलीत आपली हकिकत सांगितली, तर प्रेक्षकाला नुसते पाहून सुटता येणार नाही. त्याला ऐकून घ्यावे लागेल.

हे शक्य आहे, याचा दाखला चित्रपटात मिळतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी निषेधार्थ आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) मध्ये वस्तीचे दृश्य वस्तीच्याच गाण्यांसह आणि साक्षींसह येते. घोगरे यांचा आवाज पटवर्धनांनी ‘हमारा शहर’ (१९८५) मध्ये आधीच टिपला होता. म्हणून शाहीर गेला तरी त्याचे गाणे साक्षीला उरले.

मात्र येथेही आवाज वस्तीचा असला, तरी कात्री दिग्दर्शकाच्या हाती आहे. पटवर्धनांचा प्रामाणिकपणा मान्य करूनही ही मर्यादा नोंदवली पाहिजे. आज आपल्या विद्यार्थ्यांच्या खिशात कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक दोन्ही आहेत. त्यांनी वस्तीत जाऊन आधी परवानगी घ्यावी, टिपलेले त्याच माणसांना ऐकवावे, आणि काय ठेवायचे, काय गाळायचे, हे त्यांना ठरवू द्यावे. तेवढे झाले नाही, तर ध्वनी हा चित्रावरचा आणखी एक दागिनाच ठरेल.