नशीब, अपघात आणि व्यवस्था : ‘टू लिव्ह’ या चिनी चित्रपटाविषयी

१. सुरुवातीचा प्रश्न

अभियांत्रिकी महाविद्यालयात मी मानव्यविद्येचा एक ऐच्छिक विषय शिकवतो. त्यात दरवर्षी झांग यिमोऊ या चिनी दिग्दर्शकाचा ‘टू लिव्ह’ (१९९४) हा चित्रपट दाखवतो. चित्रपट संपून दिवे लागले की वर्गातून पहिली प्रतिक्रिया बहुधा एकच येते : ‘सर, बिचाऱ्यांचं नशीबच वाईट.’ काही वर्षे मीही मान हलवून पुढच्या मुद्द्याकडे वळत असे. मग एका वर्षी मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, आपल्या सेफ्टीच्या पेपरात अपघाताचं कारण म्हणून “नशीब” असं लिहिलं तर मार्क मिळतील का?’ वर्ग हसला. मला मात्र त्या दिवशी माझे व्याख्यान बदलावे लागले. हे टिपण त्या बदललेल्या व्याख्यानावर आधारलेले आहे.

या चित्रपटात एका साध्या कुटुंबातली दोन मुले मरतात, पण त्यांचा जीव कुणीही हेतुपुरस्सर घेत नाही. त्याला कोण जबाबदार आहे? या प्रश्नाचे उत्तर चित्रपट उघडपणे देत नाही. पण उत्तरासाठी लागणारा पुरावा तो दृश्यादृश्यांतून गोळा करत जातो. तो पुरावा वाचायला शिकणे हा या टिपणाचा हेतू आहे.

२. थोडी पार्श्वभूमी

चित्रपटाचे मूळ चिनी नाव ‘हुओ-झे’ असे आहे. त्याचा अर्थ ‘जगत राहणे’. यू हुआ या लेखकाच्या याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे आणि पटकथेतही यू हुआ यांचा सहभाग होता. झांग यिमोऊ यांचा जन्म १९५० सालचा. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांना शेतावर आणि नंतर कापड गिरणीत काम करावे लागले. १९७८ साली त्यांना बीजिंगच्या चित्रपट अकादमीत प्रवेश मिळाला. म्हणजे या चित्रपटातला काळ त्यांनी स्वतः पाहिलेला आहे. १९९४ च्या कान महोत्सवात चित्रपटाला ग्रां प्री आणि नायक गे योऊ यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. चीनमध्ये मात्र त्याच्या प्रदर्शनावर बंदी आली.

कथा चाळीसच्या दशकात सुरू होते. फुग्वेई हा श्रीमंत घरातला मुलगा फाशांच्या जुगारात वाडा घालवून बसतो. वाडा जिंकणारा लाँगअर त्याला पैशांऐवजी छायाबाहुल्यांची एक पेटी देतो आणि पोटापाण्याला लाग म्हणतो. छायाबाहुल्या आपल्याला परक्या नाहीत. आंध्रची तोलु बोम्मलाटा, केरळची तोलपावकूत्तु, ओडिशाची रावणछाया किंवा कोकणात पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना पडदा, दिवा आणि मागून गाणारा माणूस लगेच ओळखू येईल. पुढे यादवी युद्धात फुग्वेई आधी राष्ट्रवादी सैन्याच्या आणि मग कम्युनिस्ट सैन्याच्या हाती सापडतो. दोघांच्याही तावडीतून तो जिवंत घरी परततो. पत्नी जियाझेन (गाँग ली) घरोघर गरम पाणी पोचवून संसार चालवते आहे आणि तापातून उठलेल्या मुलीची, फेंगश्याची, वाचा गेली आहे. धाकटा मुलगा योऊचिंग. हे चौघे जण आणि पुढची तीस वर्षे, एवढाच चित्रपटाचा पसारा.

३. पहिला धडा : पाच गोळ्या

क्रांतीनंतर लाँगअर जमीनदार ठरतो. वाडा सरकारला देण्याऐवजी तो पेटवून देतो म्हणून त्याला देहदंड होतो. आपण गोळी झाडलेली पाहत नाही. गल्लीत उभा असलेला फुग्वेई पाच बार ऐकतो आणि भीतीने त्याचे कपडे ओले होतात. वाडा हरला नसता तर त्या गोळ्या त्याला लागल्या असत्या.

या दृश्यात नशिबाचा हिशोब उलटा लागतो. उधळेपणाने फुग्वेईचा जीव वाचला, संपत्तीने लाँगअरचा गेला. इथे माणसाची वागणूक आणि त्याला मिळणारे फळ यांचा संबंध तुटतो. ही गोष्ट फुग्वेईला पक्की समजते आणि तो आयुष्यभर भीत राहतो. क्रांतीत भाग घेतल्याचा दाखला तो जिवापाड जपतो. जळलेल्या वाड्याचे लाकूड उत्तम होते असे कुणी म्हणाले, तर ते आमचे नव्हतेच, प्रतिक्रांतिकारी लाकूड होते, असे तो घाईने सांगतो. प्रेक्षक इथे हसतो. पण ही भीती लक्षात ठेवा, कारण पुढच्या मृत्यूत तिचा वाटा आहे.

४. दुसरा धडा : पोलादाची भट्टी

१९५८ साली चीनमध्ये ‘मोठी झेप’ ही मोहीम सुरू झाली. १९५७ मध्ये देशाचे पोलाद उत्पादन सुमारे ५३.५ लाख टन होते. ते एका वर्षात दुप्पट करून १ कोटी ७ लाख टनांवर न्यायचे असे लक्ष्य ठरले. त्यासाठी गावोगावी, शाळांच्या आवारातही लहान भट्ट्या उभ्या राहिल्या आणि घरातली भांडीकुंडी, तवे, कढया, कड्या-कोयंडे त्यांत वितळू लागले.

धातुशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला यात काय चुकले ते चटकन कळेल. अशा भट्टीतून पोलाद निघत नाही. निघते ते फार तर बिडासारखे कच्चे लोखंड. त्यात कार्बनचे प्रमाण तीन-चार टक्क्यांवर असते, गंधकासारखी अशुद्ध द्रव्ये असतात आणि घणाचा घाव बसला की ते तडकते. शिवाय आधीच घडवलेले, वापरातले लोखंड वितळवून निकामी गोळे तयार करणे हे उत्पादनाच्या हिशोबातही बसत नाही. चित्रपट यावर भाषण करत नाही. रात्रभर जागलेल्या माणसांसमोर लोखंडाचा एक ओबडधोबड गोळा येतो, सगळे आनंदाने जल्लोष करतात आणि आपण तो गोळा पाहत राहतो.

योऊचिंग अजून लहान आहे. तीन दिवस शहरातल्या कुणालाच धड झोप मिळालेली नाही. जिल्ह्याचे प्रमुख शाळेची भट्टी पाहायला येणार म्हणून मुलांना बोलावणे येते. जियाझेन म्हणते, पोराला झोपू दे. फुग्वेई ऐकत नाही. गैरहजर राहिलो तर आपण मागासलेले ठरू, ही त्याची धास्ती. तो झोपलेल्या मुलाला पाठीवर घेऊन निघतो आणि वाटेत त्याला गोष्ट सांगतो : आपले घर आज कोंबडीच्या पिल्लाएवढे आहे, पिल्लाचे हंस होईल, हंसाची मेंढी, मेंढीचा बैल आणि बैलानंतर साम्यवाद. शाळेत मुलगा भिंतीच्या आडोशाला झोपी जातो. जिल्हाप्रमुखही अनेक रात्री जागलेला, स्वतःच गाडी चालवत आलेला. गाडी मागे घेताना ती भिंतीवर आदळते, भिंत मुलावर कोसळते. तो जिल्हाप्रमुख म्हणजे फुग्वेईचा युद्धातला जिवलग सोबती चुनशंग.

आता त्या विद्यार्थिनीचा प्रश्न विचारू. या अपघाताचे कारण काय? चालकाची चूक, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. अपघाताचा अहवाल लिहिताना आपण साखळी मागे मागे नेतो. चालक का पेंगत होता? मूल भिंतीआड का झोपले होते? बापाने आईचे का ऐकले नाही? प्रत्येक ‘का’चा माग काढला की आपण एकाच ठिकाणी पोहोचतो : कुणालाही नाही म्हणता येऊ नये अशी मोहीम. पूल बांधताना आपण ताकदीचा काही राखीव वाटा ठेवतो. समाजातही असा राखीव वाटा असतो. झोप, शंका, आजारपणाची रजा, ‘आज जमणार नाही’ असे म्हणण्याची मुभा, हा तो वाटा. मोहिमेने तो काढून घेतला. त्यानंतर भिंत कुणावर पडणार एवढेच नशिबावर राहिले. पडणार हे जवळपास ठरलेले होते.

५. तिसरा धडा : सात बन

साठच्या दशकात सांस्कृतिक क्रांती येते. फेंगश्याचे लग्न अरशी नावाच्या लंगड्या, प्रेमळ कामगाराशी होते. तो लाल रक्षकांच्या गटाचा नेता आहे, भिंतीवर माओंचे मोठे चित्र रंगवतो आणि सासऱ्याचे गळके छप्परही दुरुस्त करतो. लाल रक्षक म्हणजे दुष्टच, असे समीकरण झांग यिमोऊ मांडत नाहीत.

फेंगश्या बाळंतपणासाठी रुग्णालयात येते, तेव्हा तिथे एकही जुना डॉक्टर नाही. सगळे ‘प्रतिगामी विद्वान’ म्हणून कोंडलेले. कारभार शिकाऊ मुलींच्या हाती आहे आणि त्यांचा आत्मविश्वास दांडगा आहे. घरच्यांना भरवसा वाटत नाही म्हणून अरशी प्राध्यापक वांग या कोंडलेल्या डॉक्टरांना बाहेर काढून आणतो. तीन दिवसांचे उपाशी डॉक्टर. फुग्वेई दयेपोटी सात वाफवलेले बन आणतो. ते ती सगळी खातात, वर पाणी पितात, बन पोटात फुगतात आणि डॉक्टर निपचित पडतात. मुलगा सुखरूप जन्मतो. थोड्या वेळाने फेंगश्याला रक्तस्राव सुरू होतो. शिकाऊ मुली घाबरून रडू लागतात, आम्हाला हे येत नाही म्हणतात. ज्याला येते तो माणूस शेजारी डोळे उघडू शकत नाही.

वर्गात या दृश्यावर काही जण हसतात आणि पुढच्याच मिनिटाला त्यांना त्या हसण्याची लाज वाटते. दिग्दर्शकाला हेच हवे असावे. आतापर्यंत प्रेक्षक ‘बिचाऱ्यांचं नशीब’ म्हणत सुरक्षित अंतरावर बसलेला होता. इथे तो स्वतः एका मरणाच्या आधी हसून बसतो. आयुष्यभर फुग्वेई मुलगा घेऊन भट्टीवर नेल्याबद्दल स्वतःला दोष देतो, आणि आता बन आणल्याबद्दलही तोच स्वतःला दोष देतो. डॉक्टरला कोंडणारे कुणी स्वतःला दोष देताना दिसत नाही. अपराधाचा भार सर्वांत खालच्या माणसाने वाहावा, ही या व्यवस्थेची रीत आहे आणि चित्रपटाचे सर्वांत जळजळीत निरीक्षणही हेच आहे.

६. एक गंभीर आक्षेप

समीक्षा म्हणजे केवळ प्रशंसा नव्हे. या चित्रपटावर दोन आक्षेप घेता येतात. पहिला, कादंबरीत योऊचिंगचा मृत्यू वेगळा आहे. तिथे अधिकाऱ्याच्या पत्नीला रक्त देण्यासाठी शाळकरी मुलांना बोलावतात आणि योऊचिंगचे रक्त तो मरेपर्यंत काढून घेतले जाते. तिथे सत्ता मुलाचे रक्त शब्दशः शोषते. चित्रपटाने त्याऐवजी भिंत आणि गाडी आणली. दुसरा आक्षेप अधिक मोठा आहे. कथा १९५८ वरून थेट सांस्कृतिक क्रांतीवर उडी मारते. मधल्या १९५९ ते १९६१ या भीषण दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली. त्याचे एकही दृश्य इथे नाही.

पहिल्या आक्षेपाला उत्तर देता येते. खलनायक काढून टाकल्यामुळे जबाबदारी एका वाईट माणसावर ढकलून मोकळे होण्याची सोय प्रेक्षकाला उरत नाही. चुनशंग चांगला आहे, नगरप्रमुख न्यू भला आहे, अरशी तर सोन्यासारखा आहे, आणि तरीही मुले मरतात. दुसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. ज्या चित्रपटात घास, शेवया, डंपलिंग आणि बन इतके महत्त्वाचे आहेत, त्याने भुकेची ती तीन वर्षे गाळावीत, ही पोकळी आहे. त्याच सुमारास तियान झुआंगझुआंग यांनी केलेला ‘द ब्लू काइट’ (१९९३) शेजारी ठेवून पाहा. तिथे सभेतून क्षणभर बाहेर गेलेला माणूस परत येतो तोवर ‘उजव्या विचारांचा’ ठरलेला असतो. यंत्रणा कशी चालते ते तो चित्रपट अधिक सरळ दाखवतो. ‘टू लिव्ह’ आपल्याला रडवतो अधिक, सांगतो थोडे कमी.

७. पेटी आणि ‘जगत राहणे’

बाहुल्यांची पेटी कादंबरीत नाही. ती चित्रपटाची भर आहे आणि तिचा प्रवास पाहण्यासारखा आहे. युद्धात ती फुग्वेईचा जीव वाचवते. १९५८ मध्ये तिच्यातले लोखंड भट्टीत जाणार असते, पण कामगारांची करमणूक होईल या सबबीवर ती वाचते. सांस्कृतिक क्रांतीत बाहुल्या ‘जुन्या’ ठरून जाळल्या जातात. शेवटी रिकामी पेटी उरते. फेंगश्याचा लहान मुलगा, बनवरून ज्याचे नाव मान्तोऊ ठेवले आहे, आणलेली कोंबडीची पिल्ले त्या पेटीत ठेवतो. फुग्वेई त्याला तीच गोष्ट सांगतो : पिल्लू, हंस, मेंढी, बैल. पण बैलानंतर या वेळी साम्यवाद येत नाही. मान्तोऊ मोठा होईल आणि दिवस बरे येतील, एवढेच तो म्हणतो. राजकीय टीकेचे सगळे वजन या एका गाळलेल्या शब्दात आहे.

मग जगत राहणे म्हणजे निव्वळ नमते घेणे का? चुनशंगची गोष्ट वेगळे सांगते. मुलाच्या मृत्यूनंतर जियाझेन त्याला सुनावते, तू आम्हाला एक जीव लागतोस. वर्षानुवर्षे ती त्याला घरात घेत नाही. पुढे चुनशंगच शत्रू ठरतो, त्याची पत्नी आत्महत्या करते आणि तोही मरायचे ठरवून एका रात्री निरोप घ्यायला येतो. तेव्हा जियाझेन दार उघडून त्याला घरात बोलावते आणि तेच वाक्य पुन्हा म्हणते : तू आम्हाला एक जीव लागतोस, म्हणून तुला जगलेच पाहिजे. शब्द तेच, पण आता त्या कर्जाची फेड मरून नव्हे तर जगून करायची आहे. माणसांना आकड्यांत मोजणाऱ्या काळात एक बाई एका माणसाचा जीव मोजते. ज्याने तिचा मुलगा मारला, त्याचा. ही नमती भूमिका नाही.

म्हणून पुढच्या वेळी ‘नशीब वाईट’ हे शब्द तोंडाशी आले, या चित्रपटाविषयी किंवा वर्तमानपत्रातल्या एखाद्या अपघाताविषयी, तर आणखी तीन वेळा ‘का’ विचारा. त्या विद्यार्थिनीला मी त्या दिवशी म्हणालो होतो, मार्क मिळणार नाहीत. आजही उत्तर तेच आहे.

८. विचारासाठी प्रश्न

१. योऊचिंगच्या मृत्यूची कारणसाखळी किमान पाच पायऱ्यांत मांडा. कोणती पायरी तोडणे कुणाच्या हातात होते?
२. खलनायक नसणे ही या चित्रपटाची ताकद आहे की सावधगिरी? दृश्यांच्या आधारे लिहा.
३. दुष्काळाचा काळ गाळल्यामुळे अन्नाशी संबंधित दृश्यांचा अर्थ बदलतो का?
४. पिल्लू ते बैल ही गोष्ट दोनदा येते. दोन्ही वेळा सांगणारा, ऐकणारा आणि शेवट यांत पडलेला फरक स्पष्ट करा.