करुणेचा जवळचा शत्रू आणि छायाचित्र

छायाचित्रकला भावना जागविते, असे सर्वत्र म्हटले जाते. कोणती भावना, हे मात्र क्वचितच विचारले जाते. पालि साहित्याच्या अभ्यासकास हा प्रश्न टाळता येत नाही. आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्गा’त करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत. विहिंसा, म्हणजे क्रौर्य, हा दूरचा शत्रू; तो सहज ओळखता येतो. गेहसित दोमनस्स, म्हणजे संसारासक्तीतून उपजणारा शोक, हा जवळचा शत्रू. तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून अधिक फसवा. चित्र पाहून डोळे पाणावले आणि प्रेक्षक आपल्या वाटेने गेला, तर तेथे करुणा उपजली असे आम्ही मानीत नाही.

ही कसोटी आम्ही सुधारक ओलवे यांच्या छायाचित्रांना लावीत आहोत. अकोल्यात जन्मलेल्या या वृत्तछायाचित्रकाराने मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन कृष्णधवल चित्रांत टिपले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे कामगार बहुतांशी दलित समाजातील. त्यांत आपली बौद्ध कुटुंबेही पुष्कळ आहेत.

गटारातून वर येणाऱ्या, अंगभर मैल्याने माखलेल्या माणसाचे चित्र पाहताना किळस आधी येते. परंतु कृष्णधवल माध्यमात घाणीचा रंग उरत नाही. नजर चेहऱ्यावर आणि हातांवर स्थिरावते. हे या चित्रांचे मोठे बळ होय. धोकाही त्यातच आहे. छायाप्रकाशाच्या सौंदर्यात दुःख विरून जाऊ शकते. शिवाय माणूस सतत मैल्यातच दिसला, तर माणूस आणि मैला एकच, हा जातिव्यवस्थेचा सिद्धांत नकळत दृढ होतो. ओलवे कामगारांच्या घरांपर्यंत आणि कुटुंबांपर्यंत पोहोचले, म्हणून हा दोष बराचसा टळला आहे.

‘थेरगाथे’तील सुनीत थेर सफाईचेच काम करीत. खांद्यावरील कावड खाली ठेवून आपण तथागतांस वंदन केले, हे ते स्वतःच्या तोंडाने सांगतात. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांच्या धम्मदीक्षेस स्थान दिले. छायाचित्रातील माणूस असा बोलू शकत नाही. त्याचे बोलणे चित्रासोबत असणे अगत्याचे आहे.

अभिधम्मात संवेगासोबतच संविग्न झालेल्याचा योग्य प्रयत्न सांगितला आहे. केवळ हादरणे पुरेसे नाही. डोंबिवलीच्या वाचकाने ही चित्रे मुंबईची म्हणून दूर सारू नयेत. कल्याण-डोंबिवलीचा कचरा अनेक दशके आधारवाडीच्या क्षेपणभूमीवर पडत होता; तो आपल्याच दारांतून उचलला जात होता. सुरक्षा साधनांविना माणसास गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली, तरी तेथील मृत्यू थांबलेले नाहीत.

अशा चित्रांची प्रदर्शने विहारांतून अवश्य भरावीत. मात्र शेजारी या कायद्याची कलमे सोप्या मराठीत लावावीत आणि बोलण्यासाठी प्रथम सफाई कामगारास पाचारण करावे. ऐकून झाल्यावर प्रेक्षक काय करतो, यावरूनच त्याच्या मनात करुणा जागली की केवळ शोक, हे ठरेल.